कबुतराला बटण टोचायला शिकवताना

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या पेटीतलं, म्हणजे बटण आणि दाण्याचा ट्रे असलेल्या प्रयोगाच्या पिंजऱ्यातलं, काम भुकेपासून सुरू होतं. कबुतराचं वजन त्याच्या पोटभर खाण्याच्या दिवसांतल्या वजनाच्या साधारण ८० टक्क्यांवर आणतात. पोट भरलेल्या पक्ष्याला दाण्याची काय पत्रास! मग दाण्याचा ट्रे वर येतानाच्या आवाजाची सवय. आवाज होताच पक्षी ट्रेकडे धावला पाहिजे. ही पायरी घाईत उरकली की पुढचं सगळं फसतं.

त्यानंतर मान बटणाकडे वळली की दाणा, मग पाऊल पुढे टाकलं तरच, मग चोच जवळ नेली तरच. निकष भराभर वाढवला तर आधी शिकलेलंही विझतं. अशा वेळी एक पायरी मागे यायचं. दाणा दोन-तीन सेकंद उशिरा आला तर बक्षीस मधल्याच कुठल्यातरी हालचालीला मिळतं. १९४८ मध्ये स्किनरने वर्तनाकडे न बघता ठरावीक वेळाने दाणे दिले, तेव्हा ८ पैकी ६ कबुतरांनी आपापली कर्मकांडं तयार केली. एक तर नुसतंच गोल फिरायचं!

टोचणं पक्कं झालं की दर वेळी दाणा देत नाहीत. कितव्या टोचणीला मिळेल हे अनिश्चित ठेवलं की सवय चिवट होते. दाणा पूर्ण बंद केल्यावर टोचणं सुरुवातीला उलट वाढतं; नेमकं तेव्हाच हार मानून दाणा दिला, तर पक्षी शिकतो ते आणखी जोरात टोचायला.