सुपारीच्या बेटावर, भर पावसात

आई सिंगापूरला तिसऱ्यांदा आली तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की यावेळी मॉल नाही, गार्डन नाही, गाडी काढायची आणि तिला पेनांगला न्यायचं. कारण नाव. मलय भाषेत त्या बेटाला म्हणतात पुलाउ पिनांग, पुलाउ म्हणजे बेट आणि पिनांग म्हणजे सुपारी. आमचं घर श्रीवर्धनचं, रोठा सुपारीचं गाव, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची आजोबांच्या हातची वाडी एका दुपारीत आडवी झाली. नारळ बरेचसे वाचले पण पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. लॉकडाऊन होता, मी इथे अडकलेली, आईने फोनवर फक्त एवढंच सांगितलं की मागच्या दारातून आता समुद्र दिसतो. आमच्या मागच्या दारातून कधीच समुद्र दिसत नव्हता.

तर पेनांग. दिवाळीची सुट्टी सोमवारी होती, पुढे दोन दिवस रजा टाकली आणि शनिवारी पहाटे पावणेपाचला निघालो. मी, नवरा आणि आई. सगळ्यांनी सांगितलं ऑक्टोबरात जाऊ नका, पेनांगला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरलाच असतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं पाऊसच ना? मग त्यात काय." श्रीवर्धनच्या बाईला पावसाची भीती घालण्यात अर्थ नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते कारण मला बरेच जण विचारतात. भारतीय पासपोर्टला मलेशियात डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण डिजिटल अरायव्हल कार्ड जायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर त्यांचा सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना हे आधी बघा, नाहीतर जाणं सोपं आणि परत येणं अवघड. सिंगापूरची गाडी असेल तर मलेशियाचा व्हीईपी टॅग, म्हणजे परदेशी गाडीचा प्रवेश परवाना, लागतो आणि आता त्यावर दंड चालू झालाय. टोलसाठी टच अँड गो कार्ड, त्यात पैसे भरलेले. आणि निघताना टाकी निदान पाऊण भरलेली पाहिजे, हा सिंगापूरचा नियम आहे, पलीकडे पेट्रोल स्वस्त म्हणून लोक रिकामी टाकी घेऊन जायचे ना, म्हणून. पलीकडे परदेशी गाडीत आरओएन ९५ हे स्वस्त पेट्रोल भरता येत नाही, ९७ भरायचं. बाकी सगळं आपल्यासारखंच, गाडी डावीकडून.

आम्ही तुआसचा सेकंड लिंक घेतला, १९९८ ला सुरू झालेला पूल. मलेशियात जायचा दुसरा रस्ता, वुडलँड्सचा कॉजवे, १९२४ चा आणि तिथे पहाटेसुद्धा मोटरसायकलींची रांग संपत नाही, मलेशियातून रोज कामाला येणारी माणसं, अंधारातच हेल्मेट घालून निघालेली. पुलाच्या मधोमध आई म्हणाली, "म्हणजे देश बदलला?" मी म्हटलं हो. ती खिडकीतून खाली बघत राहिली, खाली काळं पाणी आणि मासेमारीच्या दोन-चार बत्त्या. आयुष्यात पहिल्यांदा ती रस्त्याने देशाची हद्द ओलांडत होती, आणि मलाही एकदम जाणवलं की भारतातून मी कधी अशी ओलांडलेली नाही, कायम विमानच.

पुढे नॉर्थ-साऊथ एक्सप्रेसवे लागतो, थायलंडच्या हद्दीपासून खाली जोहोरपर्यंत ७७२ किलोमीटर. मलय भाषेत लेबुहराया उतारा-सलातान. या उतारा शब्दाची गंमत आईनेच पकडली, म्हणजे हिरव्या पाटीवर तिने अक्षरं लावून वाचलं आणि विचारलं, "इथे उतार आहे का पुढे?" उतार नाही, उतारा म्हणजे उत्तर! संस्कृतातून गेलेला शब्द. मग तिला नादच लागला. बाहासा म्हणजे भाषा, बुमी म्हणजे भूमी, सुआमी म्हणजे नवरा. आणि मुसिम म्हणजे ऋतू, तो अरबीतला मौसिम, त्यातूनच आपला मोसमी पाऊस. एकाच वाऱ्यावर शिडं लावून माणसं इकडून तिकडे गेली त्यांनी हा शब्द दोन्ही काठांवर ठेवला, मला हे फार आवडतं.

योंग पेंगच्या आसपास उजाडता उजाडता पहिला पाऊस लागला. याला इथे 'सुमात्रा' म्हणतात. रात्री मलाक्काच्या सामुद्रधुनीवर आणि पलीकडे सुमात्रा बेटाकडे ढगांची ओळ तयार होते आणि पहाटे ती पूर्वेकडे सरकत येऊन किनाऱ्यावर धडकते, एप्रिल ते नोव्हेंबर हे चालतं. आधी गार वारा येतो, तेलमाडाची झाडं सगळी एका बाजूला झुकतात, आणि मग एकदम पांढरं. पुढची गाडी दिसेना. ११० ची लिमिट असलेल्या रस्त्यावर सगळे ६० वर आले. पुलांखाली मोटरसायकलवाले दाटीवाटीने उभे होते, कोणी रेनकोट चढवतंय, कोणी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतंय. एका बाईने डब्यातलं काहीतरी काढून शेजारच्या अनोळखी माणसाला दिलं आणि आम्ही पुढे गेलो. अर्ध्या तासात सगळं थांबलं, आपल्या पावसासारखं दिवसदिवस लागून राहत नाही.

दुपारी मात्र फसलो. क्वालालंपूर मागे टाकलं, तापाहच्या अलीकडे परत आभाळ भरून आलं आणि पाचव्या मिनिटाला ड्रायव्हरच्या बाजूच्या वायपरचं रबर निघून लोंबायला लागलं. काचेवर नुसती धातूची पट्टी घासतेय, करकर आवाज आणि समोर दिसत काही नाही. आठवड्यापूर्वीच गाडी सर्व्हिसिंगहून आणली होती, वायपर बदलल्याचे पैसेही बिलात लावलेले होते, अजूनही आठवलं की राग येतो. खूप हळूहळू डाव्या लेनने पुढचं एक्झिट पकडलं, तापाह गावात 'बेंगकेल' अशी पाटी दिसली, बेंगकेल म्हणजे गॅरेज. आतला म्हातारा चिनी माणूस जेवत होता. ताट झाकून उठला, मापाचं रबर शोधलं, कापलं, सरकवून बसवलं, मग न सांगता दुसऱ्या बाजूचंही बदललं आणि पैसे फक्त रबराचे घेतले. आईने डिकीतून चकल्यांची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. तो हसून म्हणाला, "मुरुक्कू! दीपावली!" इथल्या तमिळ शेजाऱ्यांमुळे चकली सगळ्यांनाच माहीत आहे. आईला त्या माणसाचं फार वाटलं. "जेवणावरून उठला गं," हे ती इपोह येईपर्यंत तीनदा म्हणाली.

रात्री इपोहला मुक्काम केला. इपोहच्या भोवती चुनखडीचे उभे डोंगर आहेत, गावाच्या अगदी अंगावर आलेले, त्यांच्यात गुहा आणि गुहांमध्ये मंदिरं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर ढग अर्ध्यापर्यंत उतरलेले होते. पुढे मेनोराचा बोगदा आणि त्यानंतरचा उतार, तिथे पावसात खरंच सांभाळून चालवा, वळणं आहेत आणि ट्रक असतात. मग तायपिंग. द्वीपकल्पात सगळ्यात जास्त पाऊस पडणारं गाव म्हणून त्याचं नाव आहे, वर्षाला साधारण ४००० मिलिमीटर, आणि आम्ही गेलो तेव्हा तिथे लख्ख ऊन.

बेटासमोरच्या किनाऱ्यावर, बटरवर्थला आल्यावर आईने विचारलं, "जंगलजेटी नाही का?" आमच्याकडे दिघीहून आगरदांड्याला गाड्या घालून जंगलजेटी जाते, मुरुडला जायचं तर तीच. इथेही होती, २०२० पर्यंत गाड्या फेरीतून जायच्या, आता फेरीत फक्त माणसं आणि दुचाक्या. म्हणून पुलावरून गेलो, १९८५ चा पूल, साडेतेरा किलोमीटर, त्यातले ८.४ पाण्यावर. अर्ध्यात पोचलो आणि पाऊस आला. तिरका, समुद्रावरून चालत येताना दिसणारा, आधी लांबचं जहाज गेलं, मग जवळची होडी, मग बेट. आई काही बोलली नाही. मला माहीत होतं ती काय बघत होती, श्रीवर्धनला किनाऱ्यावर उभं राहिलं की जूनमध्ये पाऊस असाच येतो.

बेटावर पोचल्यावर पहिल्याच सिग्नलला एका इमारतीवर पेनांगचा झेंडा, निळा-पांढरा-पिवळा आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यात झाड. "अगं ही तर पोफळ!" हो, राज्याच्या झेंड्यावर पोफळ.

जॉर्जटाउनबद्दल भरपूर लोकांनी लिहिलंय, २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, भिंतींवरची चित्रं, पाण्यात खांबांवर उभी असलेली च्यू जेट्टीची घरं, सगळं बघितलं आणि छान आहे. नरकचतुर्दशीला आईने आम्हाला हॉटेलात पहाटे उठवून तेल लावलं, आणि आठ वाजता क्वीन स्ट्रीटच्या महामारिअम्मन मंदिरात गेलो तर तिथे सगळी तमिळ मंडळी तेल लावून न्हालेली, केसात मोगरा, पावसात छत्र्या धरून रांगेत. १८३३ चं मंदिर आहे. एका आजींनी आईच्या कपाळाला हात लावून वास घेतल्यासारखं केलं आणि दोघी हसल्या, भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती.

पण मला सांगायचंय ते बालिक पुलाउबद्दल. बालिक पुलाउ म्हणजे बेटाची मागची बाजू, डोंगर ओलांडून जायचं, वळणावळणाचा रस्ता, दोन्हीकडे ओलं जंगल, आणि उतरलं की सपाटीवर वाड्या. टूरिस्ट कमी जातात. मी तर म्हणेन जॉर्जटाउनचा एक दिवस कमी करा आणि इकडे या. जायफळाची झाडं आहेत, लवंग आहे, दुरियान आहे (त्याचा मुख्य सीझन जून-जुलैच्या आसपास, आम्हाला मिळाला नाही), आणि घरांच्या कडेने, पागोळ्यांच्या ओळीत, पोफळी. सरळसोट, अंगठीसारखी वळी असलेली खोडं, पावसाने काळी झालेली, वर केशरी सुपारीचे घोस.

आईने गाडी थांबवायला लावली. छत्री न घेताच उतरली. एका पोफळीला हात लावला आणि खालपासून वळी मोजायला लागली, हातभर अंतरावर बोट ठेवून, तोंडातल्या तोंडात. गळलेल्या पात्याची एकेक खूण म्हणजे एकेक वळं, त्यावरून झाडाचं वय साधारण कळतं हे मला तिनेच लहानपणी शिकवलं होतं. मी छत्री घेऊन गेले तेव्हा म्हणाली, "जुनी आहेत. तीस-पस्तीस वर्षांची तरी." आणि मग, "आपली एवढीच होती." पाच वर्षांत तिने वाडीबद्दल माझ्याशी असं एक वाक्यही बोललेलं नव्हतं. पंचनामा, भरपाई, नवीन रोपं किती लावली, हे सगळं सांगायची, पण हे नाही. आम्ही तिथे बराच वेळ उभ्या होतो. घरातल्या बाईने खिडकीतून बघितलं, बाहेर आली, आईने झाडाकडे आणि मग स्वतःकडे बोट दाखवलं, आणि तिला काय कळलं कोण जाणे, ती आत जाऊन एक ताजं जायफळ घेऊन आली. फळ पिवळं, उकललेलं, आत काळीशार बी आणि तिच्यावर लालभडक जायपत्रीची जाळी. आमच्याही वाडीत दोन जायफळं होती.

मग भूक लागली म्हणून बाजारात आसाम लाक्सा खाल्ला, आणि इथे मला खरंच नवल वाटलं. हे बांगड्याचं आंबट सार आहे, तांदळाच्या जाड शेवयांवर ओतलेलं. इथला केम्बुंग मासा म्हणजे आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, आणि आंबटाला चिंचेबरोबर 'आसाम केपिंग' घालतात, ते ज्या झाडाचं ते आपल्या कोकमाचं सख्खं चुलत झाड. वर पुदिना, काकडी, अननस, कांदा आणि एका फुलाचा वास, तो मात्र आपल्याकडे नाही. आईने दोन घोट घेतले आणि म्हणाली, "तिरफळं पाहिजे होती." संपवला पण सगळा.

शेजारच्या गाडीवर चार कोय त्याओ, म्हणजे परतलेल्या चपट्या शेवया, विरीत बांधून देत होते. विरीत! पोफळीचं पातं गळतं त्याचा खालचा रुंद भाग, आमच्याकडे लहानपणी आम्ही तिच्यात बसून एकमेकांना ओढत न्यायचो. इथे तिला ओपेह म्हणतात आणि गरम शेवयांना तिचा वास लागतो म्हणून लोक मुद्दाम मागतात. आईला चकचकीत प्लेटीसारखी ती फिरवून फिरवून बघताना मी फोटो काढला, तो माझ्या फोनच्या स्क्रीनवर आहे.

तिला सुपारीची चार फळं रोपासाठी न्यायची होती. मी समजावलं की बी-रोपं अशी हद्दीवरून नेता येत नाहीत, परवाने लागतात, कीड-रोग जातात. पटलं तिला, वाडीवाल्या बाईला सुपारीवरचा कोळेरोग सांगावा लागत नाही. पण ओपेह तिने हॉटेलात साबणाने धुतली, खिडकीत वाळत घातली, आणि परत येताना सातशे किलोमीटर मांडीवर घेऊन बसली. तुआसला परतीच्या रांगेत दोन तास गेले, पाऊस चालू होता, आणि ती गाडीत शांतपणे त्या विरीच्या कडा दाबून सरळ करत होती.

नोव्हेंबरात ती श्रीवर्धनला परत गेली. विरी माझ्या ओट्यावर आहे, वाळून थोडी वाकडी झालीये, मी तिच्यात कांदे ठेवते.