आमची वाटचाल : बारा चुलींचं पोतं

बाबांचं दुकान इंदूरच्या बर्तन बाजारात होतं. शेगड्या, बादल्या, कढया. घरोघरी गॅस पोचला तशी शेगडी हिवाळ्यात हात शेकण्यापुरती उरली आणि पुढे तीही माळ्यावर गेली. मी सांवेर रोडवर एका कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, होतो, रविवारी दुकानात बसायचो. 2011 च्या दिवाळीनंतर जानापावच्या डोंगरावर मुक्कामाला निघालेली चार पोरं आली आणि पाठीवरच्या पिशवीत मावेल अशी लाकडावरची चूल मागू लागली. बाबा म्हणाले, "तीन दगड तिथेच मिळतील." पोरं हसली, गेली. माझ्या डोक्यातून मात्र ती चूल जाईना.

पहिली केली ती एकेरी पत्र्याची, डब्यासारखी. धूर असा की आईने ती अंगणातूनही हलवायला लावली. मग दुहेरी भिंतीचा नाद लागला. धंद्यातल्या माणसाला हे सांगायला नको, तरी सांगतो. हवा खालच्या भोकांतून शिरते. थोडी जाळीखालून लाकडाला मिळते, उरलेली दोन पत्र्यांमधल्या फटीतून तापत वर चढते आणि आतल्या भिंतीच्या वरच्या भोकांतून निघते. लाकडाचा जो वायू एरवी धूर होऊन डोळ्यांत जातो, तो तिथे पेटतो. चूल जमली असेल तर प्रत्येक भोकाशी एकेक ज्योत उभी राहते, अगदी गॅसच्या बर्नरसारखी. या भोकांपायी माझे सात महिने गेले. शेवटी 6 मिलिमीटरची 24 भोकं ठरली. फट किती, ते इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

भोकं पाडायचा पंच आणि त्याखालचा साचा, म्हणजे डाय, पोलोग्राउंडच्या एका म्हाताऱ्या डायवाल्याने करून दिली. पैसे तीन हप्त्यांत घेतले, शिव्या मात्र रोख दिल्या. पंच अजून तोच आहे, धार लावून लावून आखूड झालाय. भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर, आम्ही आजही कानशीनेच काढतो. बोटाला खरखर लागली की तो नग बाजूला.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे रामबागेतले एक काका. बँकेतून निवृत्त झालेले, नर्मदा परिक्रमेला निघालेले. म्हणाले, "वाटेत कोरडा शिधा मिळतो रे, पण शिजवायचं कशावर?" त्यांना 304 च्या, म्हणजे सहजी न गंजणाऱ्या चांगल्या स्टीलच्या, पत्र्याची चूल दिली. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून निघाले ते चैत्रात परतले. चूल बाहेरून काजळी, आतून निळसर तपकिरी. तो गंज नव्हे, तापलेल्या स्टीलचा रंग आहे, हे मी आजवर हजारदा तरी समजावलं असेल. काकांना समजवावं लागलं नाही. दुकानात बसून खिचडी कुठे केली, टिक्कड (जाड रोट्या) कुठे भाजले, शूलपाणीच्या झाडीत ओलं लाकूड कसं छळत होतं, हे त्यांनी दोन तास सांगितलं. तेव्हापासून परिक्रमेला निघालेल्या कुणालाही ते आधी माझ्याकडे पाठवत.

आता फट का लिहीत नाही ते. एक गृहस्थ होते. नाव घेत नाही. आमच्याकडून चाळीस-चाळीस नग घेऊन विकायचे. एकदा म्हणाले, "बघू तर, पंचिंग कसं करता?" मी कौतुकाने दाखवलं, चहाही पाजला. सहा महिन्यांत त्यांची चूल बाजारात, निम्म्या भावात. आत जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, जो तापला की विषारी धूर सोडतो. आणि वरची भोकं दोन्ही पत्र्यांतून आरपार! थंड हवा थेट ज्योतीवर, मधल्या फटीची ओढ खलास. धूर होणारच. पण लोक तिलाही 'इंदूरवाली चूल' म्हणायचे, म्हणजे बोलणी आम्हाला.

तेव्हा मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. भाव गाठायला सियागंजात स्वस्त पत्रा शोधला. बिलावर 304. मी चुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही, खूश झालो. 202 लाही, म्हणजे मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही, चुंबक चिकटत नाही! पत्र्यावर तपासणीच्या द्रवाचा एक थेंब आणि नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली असती तर थेंब लाल होऊन मँगनीज बोललं असतं. दोनशे चुली गेल्या. पावसाळा संपेपर्यंत 131 परत आल्या, कडांना गंज. पत्रेवाला म्हणाला, "बिल पाहा ना, 304च लिहिलंय," आणि फोन ठेवला.

काकांनी त्या लॉटमधल्या बारा घेतल्या होत्या. पोत्यात घालून स्कूटरवरून आणल्या, एकेक काउंटरवर मांडली. मी मान वर करेना. म्हणाले, "भिया (भाऊ), हे काम तुझं नाही. पैसे नकोत, नवीन दे." माझ्याकडची दुसरी प्रेस विकून मी 131 चुली बदलून दिल्या. पुढच्या हंगामाच्या पन्नास चुलींचे पैसे काकांनी परिक्रमावाल्यांकडून आगाऊ गोळा करून आणले, त्यातून पत्रा आला. नंतरची वर्षं बरी गेली.

चूल घेणाऱ्यांना, कुणी विचारलं नसलं तरी, सांगतो. वजन पाहण्याआधी चूल उजेडाकडे धरा आणि आतून वरच्या भोकांत पाहा. पलीकडचा उजेड दिसला तर खाली ठेवा. टायटॅनियम हलकं असतं, खिसाही हलका करतं. घडीची चूल सपाट होते पण बहुतेक एकेरीच असते. लाकूड अंगठ्याएवढं, मोडताना कडकन वाजणारं. आधी भरा, मग वरून पेटवा, खालून नाही. भांड्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा हात द्या, घासताना आजी आठवेल. आणि तंबूत, कितीही थंडी असो, पेटवू नका. जळताना निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याचा वासही येत नाही.

गेल्या महिन्यात त्याच गृहस्थांच्या दुकानातला पोऱ्या आला. फट किती ठेवता, विचारत होता. त्यालाही चहा पाजला. पंच मात्र आधी गल्ल्यात टाकून कुलूप लावलं.