आमची वाटचाल : आधी हिशेब, मग बोर्ड

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत नेटवर्कच्या केबल टाकण्यापासून आम्ही सुरुवात केली. पुढे स्वतःचा गेटवे बनवायला घेतला : मागांवरच्या सेन्सरांचे आकडे गोळा करून ऑफिसात पोचवणारा.

गेटवेचा पहिला सर्किट बोर्ड टेबलावर झकास चालला. मोठी फाइल पाठवली, जवळपास पूर्ण गिगाबिटचा (सेकंदाला एक अब्ज बिट) वेग मिळाला, पेढेही वाटले. कारखान्यात मात्र वीज जाऊन आली की आकडे गळायचे. केबल बदलल्या, मे महिन्याच्या उन्हामुळे असेल म्हणून पंखा बसवला. काही फरक नाही.

वडील आयुष्यभर मागावर. कांड्या भरणारी एक बाई किती मागांना पुरते, हे ते तोंडी सांगायचे. त्यांनीच विचारलं, "एकाला किती वेळ लागतो, ते मोजलंस का?" मोजलं नव्हतं.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. नेटवर्कवर माहिती तुकड्या-तुकड्यांनी जाते, त्या तुकड्याला फ्रेम म्हणतात. मोठ्या फाइलच्या 1518 बाइटच्या फ्रेम गिगाबिट लिंकवर सेकंदाला फार तर 81 हजार येतात. सेन्सरांच्या फ्रेम 64 बाइटच्या. त्या 14 लाख 88 हजारांपर्यंत येऊ शकतात, म्हणजे एकीला 672 नॅनोसेकंद. प्रोसेसर चिपच्या बाहेरच्या मेमरीची एक फेरी शंभरेक नॅनोसेकंद खाते आणि आमचा कोड दर फ्रेमला नऊ फेऱ्या मारत होता. चार फ्रेम येईपर्यंत तीनच निघायच्या. दिवसभराची सरासरी काढली तर लिंक रिकामीच. पण वीज आल्यावर सगळे माग साठलेले आकडे एकदम ओतायचे. हजारभर फ्रेमचा लोंढा आला की थांबलेल्या फ्रेमसाठीची 256 जागांची रांग भरून वाहायची.

रांग नुसती वाढवणं मला पटलं नाही, त्याने आकडे उशिरा पोचतात. फेऱ्या पाचवर आणल्या, गळती थांबली.

तेव्हापासून ग्राहकाच्या कारखान्यात आधी दोन दिवस फ्रेमच्या वेळा नोंदवतो आणि त्याच वेळा पायथन भाषेतल्या मॉडेलला, म्हणजे गेटवेच्या संगणकावरच्या नकलेला, देतो. पुस्तकी सूत्रं फ्रेम आपापल्या वेळी येतात असं धरतात. मागांचं तसं नाही, वीज सगळ्यांना एकदमच येते.

सध्या चिंचोळीतल्या एका ग्राहकासाठी 10 गिगाबिटचं काम घेतलंय. तिथे फ्रेममागे 67.2 नॅनोसेकंद, मेमरीची एक फेरीही बसत नाही. म्हणून फ्रेम गठ्ठ्याने हाताळायचं मॉडेल चालवून बघतोय. बोर्ड अजून मागवलेला नाही.