खिशातला प्लेअर

"मामा, प्लेअर तुझ्या खिशातच आहे की!"

असं म्हणत भाच्याने माझाच फोन स्टिरिओला जोडून दिला. फोनला हेडफोन जॅक नाही, म्हणून मध्ये बोटभर लांबीचा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा स्टिरिओला चालेल असा सिग्नल करणारा तुकडा, त्यातून निघालेली वायर ॲम्प्लिफायरच्या मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटांत. आवाज, खोटं कशाला बोलू, छानच. विलंबित ख्याल सुरू झाला, तानपुरा खोलीभर पसरला, मी डोळे मिटले.

टुंग!

कुणीतरी ग्रुपवर 'सुप्रभात' पाठवलं होतं. संध्याकाळी. आणि ते या दोन दांडग्या स्पीकरांमधून आलं.

गेले कित्येक दिवस मी एक साधा डबा शोधतोय. पेनड्राइव्हवरच्या फ्लॅक (दर्जा न घालवता लहान केलेल्या) गाण्यांच्या फाइली वाजवाव्यात, मागे स्टिरिओला जोडायचं लाइन आउट असावं, बस्स. सीडी बाजारात आली १९८२ साली. तिचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ दर्जाचा आवाज आज अगदी स्वस्तातली चिपही आरामात वाजवते. मग अडतं कुठे? स्वस्त प्लेअर दोन ट्रॅकच्या मध्ये उगाच अडखळतो, लाइव्ह मैफिलीत तर ते फार टोचतं. महागडा आधी वायफायचा पासवर्ड मागतो, मग अकाउंट उघडायला सांगतो.

शेवटी ड्रॉवरमधला काच तडकलेला जुना फोन काढला. सिम काढलं, एअरप्लेन मोड लावला, गाणी भरली, तोच डॅक जोडला. आता तो फक्त गातो.

भाचा बघून म्हणाला, "मामा, पण मग याला फोन कशाला म्हणायचं?"