शिरीषाचा वाडगा

शाळेच्या कार्यशाळेत शिरलं की डाव्या हाताला, खिडकीखाली, आपला लेथ होता, लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र. आठवीत आम्ही त्याच्यावर कानशींच्या मुठी केल्या, खुंट्या केल्या. नववीच्या पावसाळ्यात आवारातला शिरीष कोसळला आणि त्याच्या फांदीचे ओंडके कार्यशाळेत येऊन पडले. करवतीने कापल्यावर आत काळपट तपकिरी गाभा आणि कडेला जवळजवळ पांढरं लाकूड. ते पाहिलं आणि मी सरांच्या मागेच लागलो, मला याचा वाडगा करायचाय.

सर म्हणाले, "मुठीचं लाकूड वेगळं आणि वाडग्याचं वेगळं. कर. पण मी थांब म्हटलं की थांबायचं."

त्यांचं म्हणणं हत्यार हातात घेतल्यावरच कळलं. मुठीत लाकडाचे रेषे, म्हणजे तंतू, लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे हत्यारापुढे कायम एकसारखं लाकूड येतं. वाडग्याच्या ठोकळ्यात ते आडवे असतात. एका फेऱ्यात दोनदा रेषे लांबीने समोर येतात आणि दोनदा त्यांची कापलेली तोंडं. शिवाय ठोकळा 20 सेंटीमीटर व्यासाचा. मिनिटाला फक्त 600 फेरे ठेवले तरी त्याचा काठ सेकंदाला 6 मीटरपेक्षा जास्त वेगाने पळतो, आणि मध्यबिंदू मात्र जागच्या जागी.

बटण दाबण्याआधी सरांनी ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवायला लावला, टूल रेस्टला, म्हणजे हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीला, कुठे लागत नाही ना हे बघायला. बाह्या कोपराच्या वर, हातमोजे नाहीत, डोळ्यांपुढे काच, आणि चालू करताना ठोकळ्याच्या रेषेत उभं राहायचं नाही.

मग त्यांनी मला ऐकायला शिकवलं. ही गोष्ट मला त्यांच्याशिवाय कुणीच शिकवली नाही. ठोकळा अजून ओबडधोबड असताना गोल पटाशी, म्हणजे नळीसारखं खोलगट पातं असलेली, टेकवली की टक-टक-टक असा आवाज यायचा, कारण धार फक्त उंचवट्यांना लागत होती. बुडाकडून काठाकडे, बुडाकडून काठाकडे असं करत गेलो, तशी ती टकटक जवळ येत गेली आणि एका क्षणी सलग सळसळ झाली. ओल्या लाकडाची लांबच लांब ढलपी पटाशीच्या नळीतून निघून माझ्या मनगटावरून खाली ओघळत होती. सर पाठमोरे होते, दुसऱ्या मुलाची करवत बघत होते. तिथूनच म्हणाले, "झाला गोल."

बाहेरचा आकार जमला. ठोकळा उलटा करून धरला आणि आतून कोरायला घेतलं. इथे दिशा बदलते, काठाकडून मध्याकडे जायचं. धारेमागचा उतार लाकडाला टेकलेला असेल तोवर हत्यार आपल्या ताब्यात. काठाशी शिरताना मी पटाशीची नळी वर तोंड करून धरली, उतार सुटला, आणि खाडकन आवाज झाला. हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. लेथ बंद केला तेव्हा काठाचा अंगठ्याएवढा तुकडा उडालेला होता.

मला रडू आलं. सर आले, तुकडा उचलून बाकावर ठेवला, तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. काही बोलले नाहीत. लेथ चालू केला, कानामागची पेन्सिल काढली आणि तिचं टोक फिरत्या लाकडाला अलगद लावलं. क्षणार्धात बारीक, अखंड वर्तुळ उमटलं, तुटक्या भागाच्या किंचित खाली.

"काठ आता इथे. वाडगा थोडा उथळ होईल. पटाशी आडवी करून शिर."

शिरलो. पटाशी जरा कुशीवर, मूठ कमरेला टेकलेली, हात कमी आणि अंग जास्त हलवायचं. भिंत पातळ होत गेली तसा आवाजही बारीक होत गेला. सरांनी खोलीसाठी मध्यभागी आधीच भोक पाडून ठेवलं होतं. ते नाहीसं झालं आणि त्यांनी "थांब" म्हटलं. मला आणखी एक हात मारायचा होता, पण थांबलो. बूड वाचलं ते त्यामुळेच.

ओलं लाकूड आधी जाड ठेवून, व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी भिंत राखून, काही महिने सुकवतात आणि मग पुन्हा कातून गोल करतात. सरांनी ते सांगितलं होतं. मला दम नव्हता. मी तसाच पॉलिश पेपर मारला, जवसाचं तेल दिलं आणि घरी नेला. महिन्याभरात तो लंबगोल झाला, कारण लाकूड रेष्यांच्या दिशेने जवळपास आटत नाही, आडवं आटतं.

हे लिहायला बसण्याआधी तो मोजला. एकीकडून 180 मिलिमीटर, दुसरीकडून 171. टेबलावर ठेवला की किंचित डुलतो. काठाचा उडालेला तुकडा त्यातच असतो. तो कुठेच बसत नाही, त्याच्या आजूबाजूचं लाकूड त्याच दुपारी ढलप्या होऊन खाली पडलं. पण बुडाला, तेलाखाली, सरांच्या पेन्सिलीचं एक वर्तुळ अजून दिसतं.