मांडवीच्या डॉक्टरांचा माग : माझा अनुभव

मार्च २०२० मध्ये राज्य शासनाने साथरोग अधिनियम, १८९७ लागू केला, तेव्हा मी एका महानगरपालिकेच्या दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी होतो आणि माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. रोज येणाऱ्या परिपत्रकांच्या संदर्भ ओळीत त्या अधिनियमाचे नाव असे, आणि पोच म्हणून सही करताना दरवेळी माझी नजर १८९७ या आकड्यावर अडखळे. हा कायदा मुंबईतल्या प्लेगच्या साथीमुळे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झाला, एवढे सामाजिक वैद्यकशास्त्र शिकताना कधीतरी पाठ केले होते. परंतु त्या साथीला ‘प्लेग’ असे प्रथम ज्या डॉक्टरांनी म्हटले, त्या अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांच्याविषयी मला काहीही सांगता आले नसते. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर उभ्या असलेल्या त्यांच्या पुतळ्यावरून मी विद्यार्थिदशेत शेकडो वेळा गेलो होतो आणि तो कोणा पारशी दानशूराचा असावा असे समजत होतो.

निवृत्तीनंतर मी त्यांची माहिती जमवायला घेतली. चरित्राचा सांगाडा फारसा कष्ट न पडता मिळाला. जन्म १८५६ साली गोव्यात बारदेशातल्या हडफडे गावी, शिक्षण मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० साली एल. एम. अँड एस. ही पदवी, मुंबईच्या मांडवी भागात खासगी व्यवसाय, पुढे महापालिकेचे सभासदत्व आणि १९०६ साली तिचे अध्यक्षपद. मृत्यू १९३३ मध्ये. एवढ्यावर एक परिच्छेद होतो, माणूस उभा राहत नाही. प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांची कागदपत्रे जेरुसलेममध्ये नीट जपून ठेवलेली आहेत. व्हिएगस यांच्याविषयी जे माझ्या वाचनात आले, ते मात्र जवळजवळ सगळे दुसऱ्यांच्या अहवालांतून आणि फायलींतून. त्यांचे कागद शोधण्याचा हट्ट सोडून सरकारच्या आणि महापालिकेच्या कागदांत त्यांना शोधायचे, हे कळायलाच माझे चार-पाच महिने गेले.

सुरुवात घरूनच केली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातील वैद्यकीय अहवाल आंतरजालावर खुले केले आहेत आणि त्यांत प्लेगचे पुष्कळ साहित्य आहे. येथे पहिली फजिती झाली ती नावांची. त्या वेळचे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी साथीचा मोठा अहवाल लिहिला आहे, पण ‘स्नो’ आणि ‘साथ’ हे शब्द एकत्र दिले की संगणक मला हटकून १८५४ च्या लंडनमध्ये, कॉलऱ्याच्या साथीत आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापाशी नेऊन सोडत असे. कॉलरा त्या पंपाच्या दूषित पाण्यातून पसरतो हे दाखवणारे तिथले डॉक्टर जॉन स्नो हे आम्हा आरोग्य खात्यातल्या माणसांचे आराध्यदैवत असल्यामुळे मीही दोन संध्याकाळी तिथेच रमलो, हे कबूल केले पाहिजे. व्हिएगस हे आडनाव तर मराठीत मला चार प्रकारांनी लिहिलेले आढळले, आणि जुन्या छपाईवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात त्याची जी अक्षरे होतात ती ओळखण्यापलीकडची असतात. शेवटी नावाचा नाद सोडून तारखेने शोधू लागलो, तेव्हा काम पुढे सरकले.

पुढचा टप्पा होता काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या राज्य पुराभिलेखागाराचा. तिथे बसण्यासाठी अर्ज, ओळखपत्र आणि एखाद्या संस्थेचे परिचयपत्र अशी तयारी मी केली होती. निवृत्त माणसाला संस्था नसते, ही गोष्ट अर्ज भरायला बसेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. ज्या संस्थेकडे मी पत्र मागितले, तिने ते द्यायला दोन महिने लावले आणि विषयाच्या जागी ‘प्लेग’ऐवजी ‘प्लॅन’ असे टंकले. ते पुन्हा दुरुस्त करून घेण्यात आणखी तीन आठवडे गेले. एकदा वाचनकक्षात बसल्यावर मात्र क्रम साधा होता. सूचीतून खाते, वर्ष आणि खंड शोधायचा, चिठ्ठी भरून द्यायची आणि बासन येण्याची वाट पाहायची. पाने इतकी ठिसूळ झालेली असतात की उलटताना श्वास रोखला जातो. मी सोबत फक्त पेन्सिल ठेवली होती, आणि नवख्यांनीही तसेच करावे.

माझी खरी चूक सूची वाचण्यात झाली. मी ‘प्लेग’ या शब्दाखाली शोधत होतो. पण व्हिएगस यांचे महत्त्वच मुळी असे की त्यांनी तो शब्द उच्चारण्यापूर्वी तो कोठेही नव्हता. ऑगस्ट आणि सप्टेंबर १८९६ मधले मृत्यू ‘ताप’ या सदरात गेलेले आहेत. तीस वर्षे मृत्यूची कारणे तपासण्यात घालवलेल्या मला हे पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. जे नाव लिहिल्याने वरून विचारणा येते, ते नाव सहजासहजी लिहिले जात नाही, याचा अनुभव मी दवाखान्यात बसून घेतलेला आहे. मांडवी म्हणजे गोदीलगतची, धान्याच्या गोदामांची वस्ती, आणि मुंबईचा सारा व्यापार जहाजांवर चाललेला. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग फुटल्याची बातमी ताजी होती, त्यामुळे त्या एका शब्दाने परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना अडवतील हे सर्वांना ठाऊक होते. तरीही २३ सप्टेंबर १८९६ रोजी महापालिकेच्या स्थायी समितीत व्हिएगस यांनी मांडवीत गाठीचा प्लेग असल्याचे सांगितले.

तिथून पुढे मी एका वहीत केवळ तारखा मांडत गेलो. तेरा दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, कमिशनर स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार घेणारी अधिसूचना काढली. दुसऱ्याच दिवशी हाफकिन मुंबईत पोहोचले आणि व्हिएगस ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले होते तिथेच त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. २९ ऑक्टोबरला आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांनी हल्ला केला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतली. तोवर शहर रिकामे होऊ लागले होते. १८९१ च्या जनगणनेत आठ लाखांवर असलेल्या मुंबईतून त्या हिवाळ्यात काही लाख माणसे गावाकडे निघून गेली आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला.

अहवालांतले उपाय वाचताना हसावे की रडावे कळत नाही. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल गटारांतून सोडले जात होते, भिंतींना चुना फासला जात होता, आणि घरांच्या दारांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरे, म्हणजे ‘मानवी वस्तीस अयोग्य’, रंगवली जात होती. दोष घाणीचा आणि ओलीचा, अशी पक्की समजूत होती. गोदामांतल्या मेलेल्या उंदरांची नोंद होत होती, पण उंदरांवरच्या पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवला तो १८९८ मध्ये, आणि तोही सर्वांना पटायला आणखी काही वर्षे लागली. रोगाचे नाव बरोबर आणि इलाज मात्र चुकीच्या वाटेवर, अशा स्थितीत मांडवीत रोज घरोघर फिरणाऱ्या डॉक्टराची काय अवस्था झाली असेल, याची मला २०२० मुळे थोडीफार कल्पना करता येते.

एक गोष्ट खटकली ती नोंदवतो. २३ सप्टेंबरच्या त्या प्रसंगी अहवालांत ठळकपणे येणारे व्हिएगस पुढच्या शेकडो पानांत क्वचितच भेटतात. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेल्यावर तर पाने अधिकाऱ्यांच्या, तपासणीच्या आणि आकड्यांच्याच नोंदींनी भरतात. खासगी व्यवसाय करणारा, मांडवीतल्या रुग्णांना नावाने ओळखणारा डॉक्टर या नोंदींच्या रकान्यांत बसत नाही.

सध्या मी महापालिकेची १९०६ सालची छापील इतिवृत्ते वाचतो आहे. त्या वर्षी ते स्वतःच अध्यक्ष असल्यामुळे त्यांचे नाव सभेगणिक येते, आणि ज्या नावासाठी मी वर्षभर चिठ्ठ्या भरल्या, तेच आता इतक्या ठिकाणी आहे की कोणत्या पानावर ते केवळ आसनावर बसलेले आहेत आणि कोणत्या पानावर बोलताहेत, हे निवडण्यातच माझी दुपार जाते.