दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: वाट लांबची, वेळ कमी

लेक सॅन होजेला राहायला गेल्यापासून दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हा विमानप्रवास आम्हा दोघांच्या अंगवळणी पडला आहे, आणि दर वेळी नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अंतर किती आणि तास किती? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती सैल बांधलेली आहेत, हे मला फार उशिरा कळले.

घरातल्या पृथ्वीगोलावर दिल्लीवर दोऱ्याचे एक टोक धरून दुसरे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणले, तर दोरा युरोपवरूनही जात नाही आणि जपानवरूनही नाही. तो सरळ सायबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाच्या जवळून पलीकडे उतरतो. हेच सर्वांत कमी अंतर, सुमारे १२,४०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही वाट दिसतच नाही, म्हणून मुलांना भूगोल शिकवताना गोल आणि दोरा हाताशी हवाच, असे माझे ठाम मत आहे.

विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर उडत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच कंपनीचे बोइंग ७७७ उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून गेले. त्याने सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, अंतर कापले आणि तरीही साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा जवळपास दोन तास आधी, ते पोहोचले. कारण वाऱ्याचे. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, पूर्वेकडे निघालेल्या विमानाला पाठीमागून ढकलतात, आणि पश्चिमेकडे निघालेल्याला तेच समोरून अडवतात.

मागच्या हिवाळ्यात समोरच्या छोट्या पडद्यावर मी हे प्रत्यक्ष पाहिले. पॅसिफिकवर मध्यरात्री सगळे झोपलेले असताना पाठीमागचा वारा ताशी १६० किलोमीटर आणि जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग १,०६० असे आकडे दिसत होते. विमानाचा हवेतला स्वतःचा वेग ९०० च्या आसपासच होता. उरलेले सगळे वाऱ्याचे देणे. ते आकडे बघत मी कितीतरी वेळ जागी राहिले. घड्याळाची गंमत वेगळीच: हिवाळ्यात दोन्हीकडच्या वेळेत साडेतेरा तासांचा फरक असल्याने दुपारी निघून त्याच तारखेच्या संध्याकाळी आपण उतरतो.

२०१६ च्या त्या फेरीत परतीला अटलांटिकची वाट धरली होती. म्हणजे जाताना पूर्वेकडे आणि येतानाही पूर्वेकडेच, आणि जाऊन येईपर्यंत एक पृथ्वीप्रदक्षिणा. आता पश्चिमेकडून दिल्लीत येणे तितके सरळ राहिलेले नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद असल्याने त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो, आणि पाठीमागून वाऱ्याने वाचवलेल्या वेळेतला काही भाग तिथे खर्ची पडतो.